तळाचा संघ आणि खाली गेलेला संघ

२०१४-१५च्या आय-लीगचा गुणतक्ता आजही कुठेही सापडतो. अकरा संघ, वर मोहन बागान आणि सगळ्यात खाली, अकराव्या जागी, पुण्याचा भारत एफसी. नियम सांगत होता की शेवटचा संघ खालच्या श्रेणीत जाईल. पण खाली गेला तो दहाव्या जागेवरचा संघ, गोव्याचा धेंपो स्पोर्ट्स क्लब. त्याआधीच्या दहा वर्षांत पाच राष्ट्रीय विजेतेपदं मिळवलेला हा क्लब. २००८ साली एएफसी कपच्या उपांत्य फेरीपर्यंत पोचलेलाही हाच.

पुढच्या वर्षी, २०१५-१६ला, संघ नऊच उरले होते. नववा आला पुन्हा पुण्याचाच संघ, डीएसके शिवाजियन्स. खाली पाठवलं गेलं आठव्या ऐझॉलला.

हे कुणी गुपचूप केलं नव्हतं, नियमातच तशी सोय होती. मोठ्या उद्योगसमूहांनी फुटबॉलमध्ये यावं म्हणून अखिल भारतीय फुटबॉल महासंघानं 'थेट प्रवेशा'ची वाट उघडली होती. खालच्या श्रेणीत न खेळता प्रवेशमूल्य भरून वरच्या लीगमध्ये यायचं आणि सुरुवातीच्या काळात तळाला राहिलं तरी खाली जायचं नाही. भारत एफसी कल्याणी समूहाचा होता आणि शिवाजियन्स पुण्याच्या डीएसके समूहाचा. दोघांनाही हे संरक्षण होतं. धेंपो आणि ऐझॉलला ते नव्हतं.

घसरणाऱ्या संघाला पैशाचा आधार द्यावा का आणि दिला तर स्पर्धा न्याय्य राहते का, हा वाद इंग्लंडमध्ये गेली तीसेक वर्षं चालू आहे. तिथल्या चर्चेत गृहीतच असतं की आधार घसरलेल्याला मिळतो. आपल्याकडे तो घसरू नये म्हणून मिळाला, तोही ज्यांनी आत येताना पैसे भरले त्यांनाच. हा फरक नीट पाहण्यासारखा आहे.

सेलूतून फुटबॉल

मी सेलूचा, परभणीच्या सेलूचा, वर्ध्याच्या नव्हे. आमच्या गावाला कापूस, जिनिंग आणि रेल्वे कळते. मैदानावर क्रिकेट, कबड्डी, खो-खो. फुटबॉल अलीकडे मोबाइलवर आला आणि आता पोरं मँचेस्टर सिटीचे शर्ट घालून सोयाबीनच्या भावावर बोलतात. त्यामुळे या विषयाशी सेलूचा काय संबंध, असं कुणी विचारलं तर ते साहजिक आहे.

पण इतिहास वेगळं सांगतो. १९५६पर्यंत आमची राजधानी मुंबई नव्हती, हैदराबाद होती. मनमाडहून हैदराबादकडे जाणारी मीटरगेज निजामाच्या रेल्वेनं विसाव्या शतकाच्या तोंडावर टाकली आणि सेलूचा कापूस तिच्यावरून जाऊ लागला. त्याच हैदराबाद संस्थानाच्या पोलिसांचा फुटबॉल संघ १९५० ते १९५४ अशी सलग पाच वर्षं मुंबईला येऊन रोव्हर्स कप जिंकून गेला. त्याचे प्रशिक्षक सय्यद अब्दुल रहीम. भारतानं १९५१ आणि १९६२ साली आशियाई सुवर्णपदक मिळवलं आणि १९५६च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये चौथा क्रमांक, ते याच रहीम साहेबांच्या हाताखाली. म्हणजे भारतीय फुटबॉलची सगळ्यात चांगली वर्षं सुरू झाली, तेव्हा सेलू त्याच राज्यात होतं.

हा संदर्भ केवळ अभिमानासाठी देत नाही. हैदराबाद पोलिसांच्या खेळाडूला आधार कशाचा होता? नोकरीचा. तो पोलिस खात्यात होता. संघ हरला, गुडघा गेला, वय झालं, तरी पगार चालू राहायचा आणि मागून पेन्शन यायची. पुढे मुंबईत टाटा, मफतलाल, महिंद्र, एअर इंडिया, रेल्वे, बँका यांच्या संघांनी तीच पद्धत चालवली. स्पर्धेतल्या हारजितीचा आणि घरातल्या चुलीचा संबंध तोडून टाकणारी ही व्यवस्था होती. खेळ त्यामुळे थोडा सुस्त झाला असेल, पण आधार खेळाडूच्या नावावर असायचा, क्लबच्या नव्हे.

एका बरोबरीतून जन्मलेला नियम

रेलिगेशन ही कल्पना इंग्रजांची. १८८८ साली बारा क्लबांनी फुटबॉल लीग सुरू केली. १८९२मध्ये दुसरी श्रेणी आली. कोण वर, कोण खाली हे ठरवायला वरच्या श्रेणीतले तळाचे आणि खालच्या श्रेणीतले वरचे संघ एकमेकांशी 'टेस्ट मॅच' खेळायचे. १८९८मध्ये अशाच एका सामन्यात स्टोक आणि बर्नली समोरासमोर आले. बरोबरी झाली तर दोघांचंही भागणार होतं. सामना अर्थातच शून्य-शून्य सुटला. गोल करायचा प्रयत्न कुणी केलाच नाही. त्या लाजिरवाण्या प्रकारानंतर टेस्ट मॅच बंद झाल्या आणि तळाचा संघ आपोआप खाली, वरचा आपोआप वर, हा साधा नियम आला. गुणतक्ता बोलेल, माणसं नाही, हा त्याचा गाभा.

तेव्हा वरच्या आणि खालच्या श्रेणीतलं आर्थिक अंतर फार नव्हतं. खेळाडूच्या पगारावर कमाल मर्यादा होती. १९६१ साली ती उठली तेव्हा आठवड्याला वीस पौंड एवढी होती. तिकीटविक्रीतला काही वाटा पाहुण्या संघालाही मिळायचा. ही पद्धत १९८३पर्यंत टिकली. खाली जाणं दुःखाचं असायचं, पण त्यानं क्लब बुडत नसे.

१९९२मध्ये प्रीमियर लीग आली आणि दूरचित्रवाणीचा पैसा वरच्या श्रेणीतच राहू लागला. आता एका मोसमात उत्पन्न कित्येक पटींनी घसरायचं, खेळाडूंचे करार मात्र चार-चार वर्षांचे. ब्रॅडफर्ड सिटी २००१मध्ये खाली गेला आणि पुढच्याच वर्षी दिवाळखोरीच्या प्रक्रियेत अडकला. लीड्स युनायटेड २००४मध्ये घसरला आणि २००७मध्ये तिसऱ्या श्रेणीत पोचला.

यावरचा इलाज म्हणजे 'पॅराशूट पेमेंट'. उंचावरून पडणाऱ्याला छत्री. सुरुवातीला रक्कम लहान आणि मुदत दोन वर्षांची होती. २०१०मध्ये मुदत चार वर्षं झाली, एकूण ४८ दशलक्ष पौंड. २०१६-१७पासून सूत्र बदललं. वरच्या प्रत्येक क्लबला प्रक्षेपणाचा जो समान वाटा मिळतो, त्याच्या ५५ टक्के पहिल्या वर्षी, ४५ टक्के दुसऱ्या आणि २० टक्के तिसऱ्या वर्षी. एकच मोसम वर राहून परतलेल्याला दोनच वर्षं.

आता शेजाऱ्याकडे पाहा. त्याच दुसऱ्या श्रेणीत वर्षानुवर्षं खेळणाऱ्या, कधी वर न गेलेल्या क्लबला 'सॉलिडॅरिटी' म्हणून सुमारे ५ दशलक्ष पौंड मिळतात. नुकत्याच घसरलेल्याला पहिल्या वर्षी ४० दशलक्षांच्या वर. मैदान एक, नियम एक, गुण तेवढेच, पण एकाच्या खिशात दुसऱ्याच्या आठपट.

कर्जमाफीच्या गावातून

या वादातले दोन्ही आवाज सेलूत मला ओळखीचे वाटतात. आमच्याकडे ते सोसायटीच्या ओट्यावर ऐकू येतात.

२०१७मध्ये राज्य सरकारनं दीड लाखापर्यंतच्या थकीत पीककर्जाची माफी जाहीर केली. जे नियमित भरत होते त्यांना भरलेल्या रकमेच्या २५ टक्के, जास्तीत जास्त २५ हजार. २०१९च्या डिसेंबरात महात्मा जोतीराव फुले कर्जमुक्ती योजना आली आणि थकबाकीदाराला दोन लाखांपर्यंत माफी मिळाली. नियमित फेडणाऱ्याला ५० हजारांपर्यंत प्रोत्साहनपर अनुदान जाहीर झालं, पण ते प्रत्यक्ष खात्यावर यायला २०२२ उजाडलं. बायकोचा दागिना गहाण ठेवून मार्चअखेर हप्ता भरणाऱ्यानं विचारलं, 'भरलं ते चुकलं का?' थकलेल्यानं उत्तर दिलं, 'कापूस बोंडअळीनं नेला, त्याला मी काय करू?' दोघांचंही खरं होतं.

पॅराशूट म्हणजे थकबाकीदाराची माफी आणि सॉलिडॅरिटी म्हणजे नियमित फेडणाऱ्याचं अनुदान. हे साम्य मी केवळ मौजेनं मांडत नाही, कारण आक्षेप तंतोतंत जुळतात. आधार नसेल तर पडणारा उठतच नाही. आधार असेल तर न पडलेल्याला वाटतं की आपण मूर्ख ठरलो. आणि आधार कायम असेल, तर वर चढणारा बेफिकीर खर्च करतो.

एक फरक मात्र महत्त्वाचा आहे. माझ्या शेजाऱ्याची माफी झाली म्हणून माझ्या कापसाचा भाव पडत नाही. फुटबॉलमध्ये शेजाऱ्याला मिळालेला पैसा थेट माझ्याविरुद्ध मैदानात उतरतो. २४ मे २०१४ला वेम्बलीवर डर्बी काउंटी आणि क्वीन्स पार्क रेंजर्स यांच्यात वर जाण्यासाठीचा अंतिम सामना झाला. रेंजर्स आदल्या वर्षीच घसरलेले, म्हणजे पॅराशूटवाले. डर्बीला ती छत्री नव्हती. दहा खेळाडूंवर आलेल्या रेंजर्सनी अगदी शेवटच्या मिनिटांत गोल केला आणि वर गेले. त्या मोसमात त्यांनी खर्चाचे नियम मोडले होते. २०१८मध्ये सुमारे ४२ दशलक्ष पौंडांची तडजोड करून प्रकरण मिटलं. डर्बी मात्र वर जाण्यासाठी खर्च करत राहिला, २०१९चा अंतिम सामनाही हरला, २०२१मध्ये प्रशासकाच्या ताब्यात गेला आणि २०२२मध्ये तिसऱ्या श्रेणीत.

छत्री म्हणजे विजयाची हमी नव्हे, हेही खरं. लुटन टाउन २०२४मध्ये प्रीमियर लीगमधून खाली आला आणि छत्री हातात असूनही पुढच्याच वर्षी आणखी एक पायरी घसरला. पण एकूण कल दिसतो. फुलहॅम २०१९ला खाली, २०२०ला वर, २०२१ला खाली, २०२२ला वर. नॉर्विच २०२०ला खाली, २०२१ला वर, २०२२ला खाली. २०२३-२४ आणि २०२४-२५ अशी सलग दोन वर्षं, वर गेलेले तिन्ही संघ तिथल्या तिथे परत आले. वरची श्रेणी आणि खालची श्रेणी यांच्यामध्ये छत्रीधारकांची एक तिसरीच श्रेणी तयार झाली आहे. ब्रिटनच्या संसदेनं २०२५मध्ये फुटबॉलसाठी स्वतंत्र नियामक नेमणारा कायदा केला आणि पैशाच्या वाटपाच्या वादात पॅराशूटचाही विचार करण्याची मुभा त्याला दिली. म्हणजे हा प्रश्न क्लबांनी आपसात सोडवावा, यावरचा विश्वास तिथेही संपला.

आपल्याकडे काय झालं

भारतात राष्ट्रीय लीग १९९६-९७ साली सुरू झाली आणि २००७-०८पासून ती आय-लीग झाली. तिची पहिली सहा विजेतेपदं गोव्यातच गेली: धेंपो तीनदा, चर्चिल ब्रदर्स दोनदा, साळगावकर एकदा. महाराष्ट्राचा महिंद्र युनायटेड २००५-०६ला राष्ट्रीय विजेता होता. कंपनीनं २०१०मध्ये तो बंद केला. २०१३मध्ये एअर इंडिया आणि ओएनजीसी हे संघ परवान्याच्या अटींत बसत नाहीत म्हणून लीगबाहेर गेले. अटी व्यावसायिक क्लबांच्या होत्या आणि हे खात्यांचे संघ. त्यांच्याबरोबर नोकरीवाला आधारही राष्ट्रीय लीगमधून हद्दपार झाला. त्याच्या जागी दुसरा कुठला आला नाही.

याच दरम्यान दुसरी गोष्ट घडत होती. २०१०च्या डिसेंबरात महासंघानं पंधरा वर्षांचे व्यापारी हक्क ७०० कोटींना आयएमजी-रिलायन्सला दिले. २०१४च्या ऑक्टोबरात इंडियन सुपर लीग सुरू झाली. आठ फ्रँचायझी, दरवर्षी शुल्क, आणि रेलिगेशन नाही. गोव्याच्या फ्रँचायझीत आमच्या मराठवाड्याचा, म्हणजे औरंगाबादच्या धूतांच्या व्हिडिओकॉनचा पैसा होता; सोबत धेंपो आणि साळगावकर ही दोन घराणीही होती. म्हणजे ज्या घराण्यांनी खुल्या लीगमध्ये क्लब चालवले, त्यांनीच बंद लीगमध्येही जागा घेऊन ठेवली. यात त्यांना दोष देण्यासारखं नाही. एका घरात पडण्याची भीती आहे आणि दुसऱ्यात नाही, तर पैसा कुठे जाईल हे सांगायला अर्थशास्त्र लागत नाही.

धेंपो २०१५मध्ये खाली गेल्यावर काय झालं? छत्री नव्हतीच. तरी क्लबनं संघ मोडला नाही. दुसऱ्या श्रेणीत खेळून २०१६मध्ये ती जिंकली आणि वर येण्याचा हक्क मिळवला. पण त्याच उन्हाळ्यात महासंघानं नवा आराखडा मांडला: वर सुपर लीग, आय-लीग दुय्यम, आणि खालून वर जाण्याची वाट बंद. स्पोर्टिंग क्लब द गोवा आणि साळगावकरनं माघार घेतली, पाठोपाठ धेंपोनंही. मैदानावर कमावलेली बढती त्यानं परत केली, कारण ती बढती आता कुठेच नेत नव्हती.

गोव्याचे क्लब गेल्यामुळे लीगला संघ कमी पडले आणि खाली पाठवलेल्या ऐझॉलला परत बोलावण्यात आलं. त्यांनी प्रशिक्षक आणला मुंबईचा खालिद जमील. हा माणूस महिंद्र युनायटेड, एअर इंडिया आणि मुंबई एफसी या तिन्ही संघांत खेळलेला. मुंबई एफसीला त्यानं २००९ ते २०१६ अशी सात वर्षं तुटपुंज्या पैशांत लीगमध्ये टिकवून धरलं होतं. २०१६-१७च्या मोसमात ऐझॉलनं आय-लीग जिंकली. ईशान्येकडचा पहिला राष्ट्रीय विजेता, आणि आदल्या वर्षी तक्त्यानं नव्हे तर नियमातल्या सवलतीनं खाली ढकललेला. त्याच मोसमात मुंबई एफसी तळाला गेला. त्याला छत्रीही नव्हती आणि सवलतही. खाली जाताच क्लब बंद पडला. जमील ज्या तीन संघांत खेळला, त्यांतला एकही आज त्या रूपात उरलेला नाही. तो स्वतः २०२५मध्ये भारताचा प्रशिक्षक झाला.

ज्यांना संरक्षण मिळालं त्यांचं काय? भारत एफसी एक मोसम खेळून निघून गेला. डीएसके शिवाजियन्स दोन. ज्यांना मिळालं नाही त्यांतला ऐझॉल विजेता झाला आणि धेंपो २०२४मध्ये खालच्या श्रेणीतून पुन्हा वर आला. आधार दिला तो ज्यांची मुळं रुजली नव्हती त्यांना, आणि मुळं असलेल्यांना सांगितलं की नियम म्हणजे नियम.

बंद लीगमध्ये घसरण नाही म्हणून क्लब सुरक्षित राहतात, हाही समज तपासून घ्यावा. पुण्याचा एफसी पुणे सिटी २०१९मध्ये मोडला आणि त्याच्या जागी हैदराबाद एफसी आला. आमच्या स्टेशनवरून एक रूळ मनमाडमार्गे पुण्याकडे जातो, दुसरा हैदराबादकडे. संघ जाताना सेलूत चहाला तरी थांबला असेल, असं आम्ही गमतीनं म्हणायचो. हैदराबादनं २०२१-२२ला सुपर लीग जिंकली. मग पगार थकले, खेळाडू गेले, २०२३-२४ला संघ तळाला आला. रेलिगेशन नसल्यानं तो खाली गेला नाही, पण २०२५मध्ये मालक बदलून दिल्लीला मात्र गेला. रहीम साहेबांच्या शहराला वरच्या लीगमध्ये आता संघ नाही. खाली गेला असता, तर निदान हैदराबादचा राहिला असता.

मग आधार कसा असावा

पॅराशूट नकोच, असं मला म्हणता येत नाही. ब्रॅडफर्ड आणि मुंबई एफसी डोळ्यांसमोर असताना ते म्हणणं निर्दय होईल. क्लब बुडतो तेव्हा मालकाचा एक प्रयोग फसतो. फिजिओ, मैदानाचा माळी, सतरा वर्षांचा राखीव गोलरक्षक यांचं घर बसतं. पण आज ज्या रूपात छत्री मिळते, ते रूप चुकीचं आहे असं मला वाटतं. पैसा क्लबच्या हाती मोकळा दिला, की तो नवा स्ट्रायकर विकत घेण्यात जातो आणि शेजाऱ्यावर उलटतो.

जुन्या खात्याच्या संघांकडून एक गोष्ट उचलावी: आधार माणसाला जोडलेला असावा. घसरलेल्या क्लबला पैसे द्यायचे, तर ते आधीच केलेल्या करारांचे पगार, कर्मचारी आणि युवा संघ यांच्यासाठीच वापरता यावेत. नव्या खेळाडूच्या खरेदीसाठी नव्हे. दुसरं, नियमित हप्ता भरणाऱ्याला विसरू नये. खालच्या श्रेणीत वर्षानुवर्षं टिकून राहिलेल्यांचा वाटा आणि घसरलेल्याचा वाटा यांत आठपट अंतर असेल, तर ती स्पर्धा राहत नाही. तिसरं, पैशाचा आधार द्या, पण गुणतक्त्यात हात घालू नका. तळाला राहूनही खाली न जाण्याचा हक्क विकत मिळू लागला, की १८९८ला स्टोक आणि बर्नलीनं मैदानावर जे केलं तेच कार्यालयात बसून केल्यासारखं होतं.

भारतात हा प्रश्न पुन्हा दाराशी आला आहे. २०१९च्या आराखड्यानुसार आय-लीगचा विजेता सुपर लीगमध्ये जाऊ लागला. २०२३मध्ये पंजाब, २०२४मध्ये मोहमेडन स्पोर्टिंग वर गेले. वरून खाली मात्र २०२४-२५अखेर कुणी आलं नाही. पंधरा वर्षांचा तो व्यापारी करारही २०२५च्या डिसेंबरात संपला. ज्या दिवशी सुपर लीगमधला पहिला संघ खरोखर खाली येईल, त्या दिवशी त्याचा मालक दोन गोष्टी मागेल: पैसा किंवा सवलत. पैसा द्यावा, हिशेब लावून, मुदत घालून. सवलत देऊ नये. ती एकदा पुण्याच्या दोन संघांना देऊन पाहिली आहे, आणि त्यांतला एकही आज मैदानात नाही.